एकच खुंटी

गाडी भाच्याला दिली. किल्ली देताना
इमरिखनं ती दोनदा चाचपली,
म्हणाला, "तिसरा गिअर जरा रुसतो, समजुतीनं घे."
डॉक्टर त्याच्या डोळ्यांबद्दल काय बोलले
ते गावात कुणालाच माहीत नव्हतं.

"फिरू की," तो मला म्हणाला, "पण रोज नवी खोली नको.
भिंत कुठे, मोरी कुठे, हे एकदाच पाठ करू दे.
मग तू नेशील तिकडे."

मी वेळापत्रक पसरून बसले.
स्थळं पाहावीत तशी शहरं पाहिली.
ब्र्नो तालेवार, पण स्टेशनाबाहेर ट्रामचा नुसता गुंता.
प्राग नकोच, तिथं माणसं कोपरांनी बोलतात.
ओलोमोउत्सचं नाव तिसऱ्यांदा घेतलं
तेव्हा त्यानं एवढंच विचारलं,
"स्टेशनापासून खोलीपर्यंत वळणं किती?"
"ट्राममधून उतरलं की दोन."
"दोन येतात मला," म्हणाला.
ठरलं.

डोस्तालोवा बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर.
पहिल्या दिवशी आम्ही कुठ्ठेच गेलो नाही.
तो मोजत राहिला:
दार ते पलंग सहा पावलं, पलंग ते खिडकी चार,
जिना एकोणपन्नास पायऱ्यांचा,
सतरावी झिजून मध्ये खोलगट.
दाराआड कोटाला एकच खुंटी.
त्याचा आधी, वर माझा.

मग रोज सकाळी दोन तिकिटं, डब्यात उकडलेली अंडी,
खिडकीची जागा मला.
चाळीस वर्षं गाडी हाकलेला माणूस,
प्रत्येक स्टेशनाआधी त्याचा उजवा पाय
फरशीवर दाबला जायचा.
मी तो पाय पाहायचे, शेतं नव्हे.

लितोवेलला जायचं तर चेर्वेंकाला गाडी बदलायची.
तिथं भर चौकात तो थबकला.
"खाली पाणी आहे."
मी म्हटलं, काहीतरीच.
पुढे एका फटीतून ते दिसलंही,
नदीचा एक फाटा, घरांच्या पोटाखालून
चोरासारखा निघालेला.
लोश्तित्सेचं चीज तर त्याला
बसचं दार उघडायच्या आत कळलं.
"उतरा," तो मोठ्यानं म्हणाला, "आलं गाव!"
आणि अख्खी बस हसली.

श्टेर्नबेर्कच्या गडावर मी एकटीच चढले.
तो खाली बाकावर.
लगेच येते म्हटलं, आणि मुद्दाम रेंगाळले.
छत कसं, पडदे कसे, कुठल्या राणीच्या नाकाचा टवका उडालाय,
सगळं बोलून दाखवायचा कंटाळा आला होता मला.
हे त्याला सांगितलेलं नाही.
खाली आले तेव्हा तो एका पोराला
तिसऱ्या गिअरबद्दल सांगत होता.

सातव्या रात्री क्रोम्येर्झिशहून येताना
हुलीनला गाडी चुकली.
ओलोमोउत्सला पोचलो ते मध्यरात्र उलटून.
ट्राम नाही. तासभर चाललो, विचारत विचारत,
आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतोय तोच दिवे गेले.
मी जागच्या जागी खिळले.
तेव्हा त्यानं माझं कोपर धरलं,
एरवी मी त्याचं धरते तसं,
आणि सरळ चालू लागला, घाई न करता,
भिंतीला काठी न लावता.
पहिलं वळण. दुसरं.
जिन्यात म्हणाला, "आता सतरावी, सांभाळ."
खोलीत माझा कोट त्यानंच काढून घेतला.
त्या रात्री माझा आधी, वर त्याचा.

परतीच्या गाडीत, डोंगर सुरू झाल्यावर,
त्यानं अचानक विचारलं,
"आपल्या दाराचा रंग कुठला होता गं?"
आठ दिवस मी त्या दारातून ये-जा केली होती.
"हिरवा," मी म्हटलं.
"वाटलंच," तो म्हणाला,
आणि त्याचा पाय फरशीवर दाबला गेला.
पुढचं स्टेशन आलं होतं.